चौथ्या घंटेची जागा

वेल्स,
९ जानेवारी १९८४

चि. लायनेल यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाताळ उलटून गेल्यावर मिळालं. बरंच झालं म्हणायचं, आधी मिळालं असतं तर पुडिंग घशाखाली उतरलं नसतं. काचबिंदू म्हणजे नेमकं काय ते मी वाचनालयात जाऊन मोठ्या पुस्तकात वाचून आले आणि बाहेरच्या बाकावर बसून चांगली रडले. आता रडत नाहीये. तूही वाचताना रडू नकोस, त्या डोळ्यांना आधीच पुरेसा त्रास आहे. डॉक्टर म्हणतात पुढच्या हिवाळ्यापर्यंत दिसेल, मग भरवसा नाही. आणि तू विचारतोस, त्याआधी एकदा येऊन सगळं बघून जाऊ का? अरे, ही काय विचारायची गोष्ट झाली? सत्तावीस वर्षं झाली तुला जाऊन. वेल्स काही एवढं मोठं शहर नाही की बहिणीच्या घरात एक खाट मावू नये.

मे महिन्यात ये. सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतील. मी सगळं ठरवून टाकलंय. पहिल्या दिवशी कॅथीड्रल, तिथलं घड्याळ, मग बिशपच्या वाड्याभोवतीचा खंदक आणि त्यातले हंस. बुधवारी बाजार. एक दिवस चेडरची घळ, एक दिवस वूकी होलची गुहा, आणि ऊन पडलं तर टेकडीवरून ग्लास्टनबरीपर्यंतचा सगळा सखल मुलूख. आपलं रेल्वे स्टेशन मात्र गेलं, तुला बाथहून बसने यावं लागेल.

आणि मंगळवारी संध्याकाळी डनकूमला, आपल्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यात. हे मी शेवटी लिहिलं असलं तरी माझ्या मनात तेच पहिलं आहे. तिथली रीत तू विसरला नसशील. घंटा वाजवणारा गेला की त्याची घंटा गप्प ठेवायची. सहातल्या पाचच वाजवायच्या आणि त्याच्या ठोक्याची जागा मोकळी सोडायची; त्याच्या घरचं कुणी येऊन दोर हातात घेईपर्यंत, किंवा स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देईपर्यंत. तू गाडीत बसलास त्याच्या पुढच्याच मंगळवारी बाबांनी तुझ्या चौथ्या घंटेचा दोर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, पोरगा कॅनडाला गेलाय, मेलेला नाही, त्याची जागा मोकळी ऐकायची माझ्यात ताकद नाही. तेव्हापासून ती मी वाजवतेय. आता माझा खांदा वर जात नाही, लायनेल. दोर सोडून द्यायला हवा. पण तू जिवंत असताना तुझी जागा मोकळी कशी ठेवू? तू ये, मी दोर तुझ्या हातात देते, मग तू तो ज्याला द्यायचा त्याला दे. म्हणजे मी सुटले.

कडू संत्र्यांचा मुरांबा चुलीवर आहे, लागायला नको म्हणून थांबते. कोरिनला गोड पापा. लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर तिकीट काढ.

तुझी
एव्हिस



मूस जॉ,
३० जानेवारी १९८४

ती. एव्हिसताई हिस,

सा. न. वि. वि.

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. उजव्या डोळ्याला आता पडद्याच्या फटीतून दिसावं तेवढंच दिसतं. डावा बरा आहे.

तिकीट काढलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. कोरिन शिकवते त्या शाळेला सुटी नाही, तेव्हा एकटाच येईन. तिची आई रूथ गेल्यापासून ही पोरगी माझी आईच झाली आहे; मी कोटाची बटणं नीट लावली की नाही तेही बघते. विमानात मला कोण बघणार म्हणून तिला झोप नाही.

तुझा बेत वाचला. ताई, तू शाळेत स्वयंपाकीण होतीस तेव्हा पोरांच्या ताटात ढीग वाढायचीस, तसंच हे. थोडं कमी वाढ. चेडरची घळ नको. वूकीची गुहा तर मुळीच नको. अंधार बघायला तिकीट काढून कशाला जायचं, तो मला घरपोच मिळणार आहे.

मला तीन गोष्टी बघायच्या आहेत. एक ते घड्याळ. दर पाव तासाने ते घोडेस्वार बाहेर येतात आणि गोल फिरत एकमेकांवर भाले रोखतात. मी लहानपणी तिथून हलायचो नाही, आठवतं ना? दर वेळी तोच एक बिचारा घोड्यावरून आडवा व्हायचा, आणि मी बाबांच्या कोटाला धरून म्हणायचो की आज दुसरा पडू दे. तू हसायचीस. दुसरे हंस, खिडकीखालची दोरी चोचीने ओढून घंटा वाजवतात आणि खायला मागतात ते. आणि तिसरी तू. तू बहुतेक म्हातारी झाली असशील, पण ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही.

मनोऱ्याचं मात्र माहीत नाही. दोर सोडल्याला जन्म लोटला. वर्तुळात उभं राहून बाकीच्यांचे दोर खालीवर होताना दिसले तर आपली पाळी कळणार, आणि मला उजवीकडच्या माणसाचा हातसुद्धा धड दिसत नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा घोटाळा व्हायचा. त्याबद्दल आल्यावर बोलू.

इथे थंडी अशी आहे की नाकातला श्वास गोठतो. लोभ ठेव आणि मुरांब्याची एक बरणी माझ्या नावाने बाजूला ठेव.

तुझा
लायनेल



वेल्स,
१४ मार्च १९८४

चि. लायनेल यास,

अनेक आशीर्वाद.

चेडर आणि वूकी खोडले. बाकीचं मी आधी स्वतः फिरून बघितलं. हसू नकोस. पाहुणा यायच्या आधी खाट मोडकी नाही ना हे बघतात, तसंच.

घड्याळाजवळ मी सोमवारी सकाळी उभी राहिले. तोच पडतो रे अजून. सहाशे वर्षं होत आली, पण बिचाऱ्याला कुणी सावध केलेलं नाही. कोपऱ्यातला तो लाल डगलेवाला लाकडी बाहुलाही आहे, टाचांनी घंटांना लाथा घालणारा. एक जर्मन बाई फोटो काढत होत्या, त्या मला विचारत होत्या की यात गंमत काय आहे. मी म्हटलं, माझा भाऊ आला की त्याला विचारा.

हंसांची जोडी नवीन आहे. मादी येऊन दोरी ओढते आणि नर मागे छाती काढून उभा असतो, जणू ओढली यानेच. तिला पाव मिळाला की हा आधी तोंड घालतो. मला आपले काका आठवले.

सिरिल स्टकीला तुझं सांगितलं. तोच आता आम्हा घंटा वाजवणाऱ्यांचा मुखिया आहे. सगळे केस गेले, तोंड तेवढं राहिलं. तो म्हणाला, कुठल्याही गावचा वाजवणारा मंगळवारी दारात उभा राहिला तर आपण त्याला दोर देतो, नाव नंतर विचारतो; मग लायनेलला काय नाही म्हणणार आहोत? घोटाळा झाला तर झाला, डनकूमच्या गाईंचं दूध काही आटणार नाही. सिरिलच्या बायकोची मैत्रीण मिसेस लॉक्स्टन, पोस्टात काम करते, तिला शिकायचं आहे. तुझ्या मनात आलं तर दोर तिला दे. मनगट चांगलं आहे आणि बाई बडबडी नाही.

खांदा तसाच आहे. रविवारी चौथी उशिरा आली, सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. आपली माणसं अशीच. भिंत अंगावर पडली तरी आधी शेजाऱ्याला विचारतील, धूळ तर नाही ना उडाली. पण मला वाईट वाटलं हे तुला सांगते.

मेची वाट बघते. लोभ आहे, त्यात आता उतावीळपणाही आला आहे.

तुझी
एव्हिस



मूस जॉ,
२६ एप्रिल १९८४

ती. एव्हिसताई हिस,

सा. न. वि. वि.

हे अक्षर कोरिनचं आहे. मी सांगतो, ती लिहिते.

ईस्टरच्या आधी डाव्या डोळ्यात कळ आली आणि रातोरात इस्पितळात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही, पण आतली नस आधीच वाळली होती. पट्टी काढली तेव्हा मी विचारलं, दिवा का लावला नाही. दिवा लागलेला होता.

म्हणून तिकीट परत केलं. रागावू नकोस. बघायलाच यायचं होतं, ते आता उरलं नाही. तिथे येऊन खांबासारखा उभा राहायचं, तू म्हणणार इकडे हे आहे, तिकडे ते आहे, आणि मी मान हलवणार. लोक माझा दंड धरून मला रस्ता ओलांडून देणार, मला ओलांडायचा नसला तरी. ते मला जमणार नाही. माझ्या डोक्यात जे वेल्स आहे ते शाबूत आहे, तेच राहू दे.

दोर तू सिरिलच्या स्वाधीन कर. माझी जागा मोकळी राहिली तर राहू दे. तसा मी आता अर्धा गेलेलाच आहे.

लोभ असू दे, जास्त काही मागत नाही.

तुझा
लायनेल

ती. आत्यास सा. न. शेवटचं वाक्य लिहिणार नाही म्हणून मी अडून बसले होते, बाबांनी लिहायला लावलं. ते दिवसभर खुर्चीत बसून असतात. रेडिओ लावला तर बंद करायला सांगतात. काल मी तुमची जुनी पत्रं वाचून दाखवली, तेव्हा हंसांच्या जागी थोडं हसले. तुम्ही काहीतरी लिहा. काहीही लिहा, पण लांब लिहा. — कोरिन



वेल्स,
८ मे १९८४

चि. लायनेल यास,

आशीर्वाद नंतर. आधी शिव्या खा. कोरिन, बाळा, मोठ्याने वाच आणि एकही शब्द गाळू नकोस.

अर्धा गेलेला म्हणे! अर्धा गेलेला माणूस आख्खं पत्र सांगतो का? तुझी चिठ्ठी मी उभ्या उभ्या वाचली. मग ती माझ्या हातमोज्यांच्या पेटीत टाकली आणि कोट चढवून बाहेर पडले. तू म्हणतोस बघायचं उरलं नाही. मी म्हटलं, चला, एव्हिसबाई, डोळे मिटून बघू या काय उरतं ते.

आधी गेले घड्याळापाशी. भिंतीच्या बाकावर बसले, डोळे मिटले. दगडांचा आणि मेणबत्त्यांचा वास तोच, आपण लहान असताना होता तोच. मग तो लाल डगलेवाला टाचा मारायला लागला, टण टण, आणि वर चाकांची घरघर, म्हणजे घोडेस्वार निघाले. आणि मग लायनेल, लोकांचा आवाज! सगळे एकदम आं करतात, पोरं खिदळतात. पडला तो क्षण बरोबर कळतो. मी एवढी वर्षं बघतेय पण हा आं कधी ऐकलाच नव्हता. मी तशीच बसून राहिले, तर कॅथीड्रलचा सेवक वाकून विचारतो, बाईसाहेब, बरं वाटत नाहीये का, पाणी आणू? मी म्हटलं, भावासाठी ऐकतेय. तो बिचारा हळूच निघून गेला. आता मला बघितलं की लांबूनच नमस्कार करतो.

मग पाद्र्यांच्या बैठकीच्या चॅप्टर हाउसकडे जाणाऱ्या पायऱ्या. मधोमध झिजून खळगे झालेत ना, ते तुझ्या पायांना डोळ्यांपेक्षा जास्त कळतील. मी कठड्याला धरून चढले. पाऊल आपोआप त्या खळग्यात बसतं, इतकी माणसं आधी चढून गेली आहेत. उतरताना गुडघ्याने बोंब मारली, ते सोड.

बिशपच्या बागेत झऱ्यांपाशी पाणी जमिनीतून उकळल्यासारखं वर येतं. डोळे उघडे असले की माणूस फुलंच बघत बसतो. मिटलेत की पाण्याच्या आतला गुबगुब आवाज ऐकू येतो. तेच पाणी पुढे हाय स्ट्रीटच्या दोन्ही कडेच्या पन्हळीतून वाहतं, तू त्यात होड्या सोडायचास. परवा मी छत्रीचं टोक पन्हळीत बुडवून रस्ताभर चालले. पाणी समोरून येतं तिकडे चालत राहिलं की बाजाराच्या चौकात पोचतो. डावीकडे मासेवाला ओरडतो, त्याच्या बापासारखाच, शब्द एक कळत नाही. पुढे कमानीखाली पावलांचा आवाज घुमतो, ती ओलांडली की हंसांची घंटा ऐकू येते. चुकायला जागाच नाही. मी मात्र एका पाद्र्याला धडकले, कारण मी डोळे मिटून होते. त्यांनीच माझी माफी मागितली, मी त्यांच्या पायावर उभी होते तरी.

आता मनोऱ्याचं. तू म्हणालास की बाकीचे दोर दिसले तर आपली पाळी कळते. मग बाबांनी तुला कसं शिकवलं होतं ते आठव. तू सारखा सिरिलच्या दोराकडे बघायचास आणि उशीर करायचास, म्हणून बाबांनी फुंकर मारून कंदील विझवला होता. काळोखात तुम्ही सहाजण आणि दाराशी मी. तू रडायला लागलास. बाबा म्हणाले, घंटा दिसत नसते, पोरा, ती वर असते. कान दे, तिसरी झाली की तुझी. आणि तू वाजवलीस. कंदील परत लावला तेव्हा तुझ्या गालावर पाणी होतं आणि दात दिसत होते. बाबांनी तुला आजच्याच दिवसासाठी शिकवलं असेल असं मी म्हणत नाही, पण शिकवलं खरं.

मला तुझे डोळे नकोत, तुझे हात हवेत. दंड कुणी धरणार नाही, धरला तर मी छत्रीने मारीन. सप्टेंबरात ये. नाही आलास तर मी सिरिलला दोर देणार नाही. खांदा निखळला तरी चालेल, तुझी जागा मोकळी ठेवणार नाही. माझा हट्ट तुला ठाऊक आहे.

आता आशीर्वाद. लोभाचं तू विचारूच नकोस, त्याच्यामुळेच एवढी ओरडले.

तुझी
एव्हिस



मूस जॉ,
३ जून १९८४

ती. ताईस,

सा. न.

कोरिनने तुझं पत्र आठवड्यात चार वेळा वाचलं. पाद्र्याचं वाचताना तिला हसू आवरेना, मग मलाही. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

कंदिलाचं मी पार विसरलो होतो. काल परसात कपडे वाळत घालायच्या दोरीला घंटेच्या दोराला असतो तसा गोंडा म्हणून कोरिनची लोकरीची टोपी बांधून घेतली आणि ओढून बघितलं. हातांना आठवतं. शेजारचे कुंपणावरून विचारत होते की काय चाललंय. कोरिनने सांगितलं, बाबा इंग्लंडला निघालेत.

सप्टेंबरात शाळेला चार दिवस जोडून सुटी आहे, ती मला पोचवायला येईल आणि न्यायला परत येईल. मला भीती वाटते, हे तुला सांगतो, इतर कुणाला सांगू नकोस. लोभ आहे, आणि तुझ्या छत्रीवर भिस्त आहे.

तुझा
लायनेल



मूस जॉ,
१५ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. इथे बर्फ पडायला लागलंय, ते मला कोरिनच्या आधी कळलं. बाहेरचा आवाज बसतो ना.

तीन आठवडे तुझ्या घरी राहून मी मुरांबा किती खाल्ला ते कोरिनला सांगितलेलं नाही. रोज पन्हळीला काठी लावून एकटा चौकात जायचो आणि तू मागून चोरपावलांनी यायचीस. तुला वाटायचं मला कळत नाही. तुझा डावा गुडघा वाजतो, ताई, हंसांनासुद्धा ऐकू येत असेल.

मंगळवारबद्दल माझ्याकडून बोलणं होत नव्हतं, म्हणून पत्राने सांगतो. मनोऱ्याच्या दारातच ओल्या दोरांचा आणि जुन्या कोटांचा वास आला. सिरिल म्हणाला, ये, फार उशीर केलास. तू दोर हातात दिलास. लोकरीचा गोंडा तुझ्या हाताने कोमट झालेला होता. तू माझ्या पाठीशी उभी राहिलीस, हात पुढे धरून, चुकलो तर दोर पकडायला. मला तुझा श्वास ऐकू येत होता. एक, दोन, तीन आणि मी. पहिला ठोका उशिरा गेला, दुसरा लवकर. मग लय बसली. त्यानंतर किती वेळ वाजवलं माहीत नाही. मला सगळं दिसत होतं. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच मी आंधळा आहे हे मी विसरलो.

दोर मिसेस लॉक्स्टनला द्यायचा ठरलं होतं. नाही देता आला. इतक्या वर्षांनी हातात आलेला लगेच सोडवेना. ईस्टरला परत येतो आणि माझ्या हाताने देतो. तोवर तू धर, पण जपून, रविवारी एकच फेरी.

आणि एक. मी रोज घड्याळाखाली तुला विचारायचो, कोण पडला, आणि तू म्हणायचीस, तोच. शेवटच्या दिवशी तू माझी बाही ओढून म्हणालीस, लायनेल, आज दुसरा पडला. खोटारडी कुठली. पण मला फार बरं वाटलं.

लोभ होता तसाच आहे, फक्त आता त्याला तुझ्या घराचा वास येतो.

तुझा
लायनेल



वेल्स,
२० नोव्हेंबर १९८४

चि. लायनेल यास,

अनेक आशीर्वाद.

मी खोटं बोलले नाही. दुसराच पडला. ते खोटं आहे हे तू सिद्ध करून दाखव.

मिसेस लॉक्स्टन मंगळवारी माझ्या शेजारी उभी राहते आणि बघते. दोर मात्र माझ्याच हातात आहे. खोकला झालाय, बाकी ठीक. हंसाची मादी हल्ली मी गेले की घंटा वाजवते, पाव असो नसो. सिरिल म्हणतो, तिला वाटतं तू भावाला घेऊन आलीस.

तू माझ्याकडे होतास तेव्हा घरात दोन कप लागायचे. परवा चुकून दोन काढले. एक परत ठेवताना मला भारी जड गेलं. ईस्टरला लवकर ये. लोभ तिथे पाठवलाय, तू स्वतः घेऊन परत ये.

तुझी
एव्हिस



डनकूम,
११ फेब्रुवारी १९८५

श्री. लायनेल व्हाउल्स यांस,

स. न. वि. वि.

तारेने तुला बातमी कळली आहेच. मला पत्रं लिहायची सवय नाही, पण एव्हिसचं कुणीतरी नीट सांगायला हवं म्हणून लिहितो. कोरिन, हे त्याला सावकाश वाचून दाखव.

खोकला छातीत उतरला. इस्पितळात नेलं तेव्हा ती नर्सला सांगत होती की सूप कसं पातळ झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तुला एवढ्या थंडीत यायचं कळवू नका असं तिने मला बजावलं होतं. मी ऐकलं. बरोबर केलं की चूक, मला समजत नाही, पण तिच्यापुढे कुणाचं काय चाललंय?

शनिवारी डनकूमला पुरलं, तुमच्या आईवडिलांशेजारी. आम्ही पाच जणांनी वाजवलं. एक, दोन, तीन, मग काही नाही, मग पाच, सहा. लायनेल, मी जन्मभर वाजवतोय, पण एवढी लांब जागा कधी ऐकली नव्हती. पाचवीवर टॉम आहे, त्याचा हात दर वेळी थांबायचा. गावातली माणसं रस्त्यात उभी राहिली. कॅथीड्रलचा एक सेवकही आला होता, माझ्या ओळखीचा नाही. म्हणाला, या बाई माझ्याकडे डोळे मिटून बसायला यायच्या.

आता कामाचं. चौथीची जागा मोकळी आहे आणि रीत तुला माहीत आहे. तू तिच्या घरचा एकटाच. पण या डोळ्यांनी, आणि ती नसताना, तू एवढ्या लांब येणं बरं नव्हे. दोन ओळी लिहून दोर मिसेस लॉक्स्टनला दिला असं कळव, आम्ही तेवढं पुरे मानू. बाकीच्यांना कबूल आहे.

आमच्या सगळ्यांचा लोभ तुझ्या दुःखात तुझ्याबरोबर आहे.

तुझा
सिरिल स्टकी



मूस जॉ,
४ मार्च १९८५

प्रिय सिरिल यास,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मी रोज ऐकतो. तुला पत्र लिहिता येत नाही असं कुणालाही सांगू नकोस.

लिहून दोर देणार नाही. रीत हाताने द्यायची आहे, आणि हात माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून मी लिहिलं होतं की माझी जागा मोकळी राहिली तर राहू दे. ते वाचून ती डोळे मिटून सगळं शहर फिरली, माझ्यासाठी. आता तिच्या जागेसाठी मी इथे बसून दोन ओळी लिहू? माझ्याने होणार नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी येतो. कोरिन बरोबर आहे, पण वेल्सला बसमधून उतरल्यावर मी एकटा चालणार, तिला तसं सांगून ठेवलंय. तू न्यायला येऊ नकोस. काठी पन्हळीत घालून पाण्याच्या उलट चालेन. डावीकडे मासेवाला, पुढे कमान, मग हंस. पाव घेऊन जाईन, ती मादी वाट बघत असेल. घड्याळापाशीही थोडा बसेन. कोण पडला ते कुणाला विचारणार नाही. मग संध्याकाळच्या बसने डनकूमला येतो. सगळी वाट तिने लिहून ठेवली आहे आणि मला ती पाठ आहे.

मिसेस लॉक्स्टनना बोलावून ठेव. त्यांनी माझ्या पाठीशी उभं राहावं, एव्हिस राहायची तसं. मी चौथीचा दोर हातात घेईन, पण तुम्ही पाच जणांनी आधी एक फेरी तशीच वाजवा. त्या फेरीत मी ओढणार नाही. तिची जागा सगळ्या गावाने ऐकली, मी एकट्यानेच ऐकलेली नाही. ती एकदा ऐकू दे. मग तिसरी झाली की मी ओढीन.

लोभ असू दे, आणि कंदील लावू नका.

तुझा
लायनेल व्हाउल्स